एक डिस्क गेल्यावर हातात किती वेळ असतो?

सुरत–भुसावळ लोहमार्गावरचं चलथाण हे पलसाणा तालुक्यातलं गाव. इथे सहकारी साखर कारखाना आहे, जवळच कडोदऱ्याचा गजबजलेला चौक आहे आणि भोवताली कापडाच्या प्रोसेसिंग मिल पसरल्या आहेत. उसाच्या हंगामात डांग, नंदुरबार, धुळ्याकडून कोयत्याच्या टोळ्या उतरतात. मिलमध्ये, गोदामांत, हिशेबखात्यांत खानदेशातून आलेली मराठी माणसं वर्षानुवर्षं काम करत आली आहेत. आता त्यांच्या घरातली शिकलेली मुलं याच पट्ट्यात सिस्टिम सांभाळतात. नेटवर्क, सीसीटीव्ही, टॅली आणि मेल सर्व्हर, सगळं बहुतेक वेळा एकाच माणसाच्या गळ्यात असतं. हा आढावा त्या माणसासाठी आहे आणि तितकाच त्याला पगार देणाऱ्या मालकासाठीही.

मेल सर्व्हरची तयार पेटी, जिला बाजारात अप्लायन्स म्हणतात, ती विकत घेताना विक्रेता हमखास सांगतो, ‘हार्डवेअर रेड आहे साहेब, काळजी नको.’ ऑर्डरी, बिलं, बँकेशी झालेला पत्रव्यवहार, निर्यातीचे कागद, पार्टीशी झालेली बोलणी असं सगळं त्या पेटीत साठत जातं आणि त्या एका वाक्यावर वर्षं निघून जातात. ते वाक्य खरं आहे, पण अर्धंच. एक डिस्क बिघडली तरी काम चालू ठेवून ती बदलायला रेड, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या डिस्कचा संच, वेळ मिळवून देतं. तो वेळ किती, तो कशाने घटतो आणि त्या वेळात कोणी काय करायचं, हे ठरलेलं नसेल तर महागडं रेड कार्डही कामी येत नाही.

मूळ गणित

डिस्क बिघडली तरी तिच्यातली माहिती इतर डिस्कवरून पुन्हा उभी करायची, ही कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांना अशा पद्धतीचं पेटंट १९७८ मध्येच मिळालं होतं. रेड हे नाव आणि त्याचे प्रकार रूढ झाले ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ च्या शोधनिबंधामुळे. मोठ्या यंत्रांच्या महागड्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्कचा संच वापरावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. अडचण त्यांनीच आधी मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालत असेल, तर अशा १०० डिस्कच्या संचात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, कुठली तरी एक बिघडणारच. म्हणून जादा डिस्कवर पुनर्बांधणीपुरती माहिती ठेवायची.

या गणितात एक आकडा फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे दुरुस्तीला लागणारा वेळ. पहिली डिस्क बदलून होण्याआधी त्याच गटातली दुसरी गेली तरच माहिती हरवते. म्हणून दुरुस्ती जितकी लांबते तितका धोका वाढतो. निबंधातल्या हिशेबात हा वेळ एक तास धरला होता. चलथाणात शनिवारी संध्याकाळी सहाला गेलेली डिस्क सोमवारी दुपारी बाराला बदलली, तर एका तासाचे ४२ तास होतात आणि धोकाही साधारण तेवढ्याच पटीने वाढतो. कार्ड तेच, डिस्क त्याच. फरक पडला तो फक्त बातमी कळायला आणि सुटी डिस्क हाती यायला लागलेल्या वेळाने.

मेलसाठी कोणतं रेड

मेल सर्व्हरचं काम डिस्कच्या दृष्टीने कष्टाचं असतं. सीसीटीव्हीचं चित्रण एका ओळीत लिहिलं जातं. मेलचं तसं नसतं. एक मेल आला की तो आधी रांगेत लिहिला जातो, मग पेटीत, मग लॉगमध्ये, मग शोधाच्या सूचीत. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसोबत आणलेल्या मेलडिर पद्धतीत तर प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल असते. थोडक्यात, डिस्कभर विखुरलेलं आणि सतत चाललेलं बारीक लिखाण.

इथे रेड ५ मागे पडतं. त्यात एक छोटा तुकडा बदलायचा तर जुना तुकडा वाचा, जुनी पॅरिटी (पुनर्बांधणीपुरती जादा माहिती) वाचा, नवा तुकडा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. रेड ६ मध्ये सहा होतात, कारण तिथे पॅरिटी दोन असतात. रेड १० मध्ये प्रत्येक तुकडा दोन डिस्कवर लिहिला की झालं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी साधी डिस्क सेकंदाला अशी साधारण ८० विखुरलेली कामं करते असं धरू. चार डिस्कच्या रेड ५ वर मग सेकंदाला ८० लिखाणं बसतात आणि त्याच चार डिस्कच्या रेड १० वर १६०. जागेचा हिशेब मात्र उलटा आहे. चार टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर रेड ५ मध्ये १२ टेराबाइट वापरायला मिळतात, रेड ६ आणि रेड १० मध्ये ८.

दोन डिस्कच्या छोट्या पेटीला रेड १, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच माहिती, पुरे. चार किंवा अधिक डिस्क असतील तर चालू मेलसाठी रेड १० घ्यावं. जुने मेल नुसते जपायचे असतील, म्हणजे संग्रहाची पेटी असेल, तर रेड ६ चालेल. जागा वाचवण्यासाठी मोठ्या डिस्कवर रेड ५ करण्याचा मोह टाळावा. त्याचं कारण पुनर्बांधणीच्या भागात येईल.

कार्डावरची बॅटरी

हार्डवेअर रेडचं कार्ड म्हणजे स्वतःचा प्रोसेसर आणि मेमरी असलेला छोटा संगणकच. लिखाण आधी त्याच्या मेमरीत घेऊन ‘झालं’ असं सांगायचं आणि सवडीने डिस्कवर उतरवायचं, या पद्धतीला राइट-बॅक म्हणतात. मेल सर्व्हरला कार्डाचा खरा फायदा इथेच होतो.

धोकाही इथेच आहे. मेल सर्व्हरने समोरच्या सर्व्हरला ‘२५०’ हे उत्तर दिलं, की त्या मेलची जबाबदारी त्याची झाली, असा एसएमटीपीचा नियम आहे. म्हणून पोस्टफिक्ससारखा प्रोग्रॅम मेल डिस्कवर पक्का उतरल्याची खात्री झाल्यावरच ते उत्तर देतो. कार्डाने ‘झालं’ म्हटलं, वीज गेली आणि मेमरी पुसली गेली, तर पाठवणाऱ्याच्या लेखी मेल पोचलेला असतो आणि घेणाऱ्याकडे तो नसतो. कोणालाही काही कळत नाही. त्यासाठी कार्डावर बॅटरी असते. ती मेमरी काही काळ, चांगल्या स्थितीत साधारण ७२ तासांपर्यंत, जिवंत ठेवते. नव्या कार्डांत बॅटरीऐवजी कपॅसिटर आणि फ्लॅश मेमरी येते. वीज गेली की मेमरीतलं सगळं फ्लॅशवर उतरवलं जातं आणि तासांचं बंधन राहत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडालं, तेव्हा शहराच्या कित्येक भागांत अनेक दिवस वीज नव्हती. ज्या भागाने ते पाहिलं आहे, तिथे फ्लॅशवालं कार्ड घेण्यात शहाणपण आहे.

बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. ती थकली की कार्ड मुकाट्याने राइट-थ्रू पद्धतीवर जातं, म्हणजे प्रत्येक लिखाण डिस्कवर उतरेपर्यंत थांबतं. बाहेर तक्रार येते ती ‘मेल फार स्लो झालाय’ अशी. मग इंटरनेटवाल्याला फोन होतो, स्पॅम फिल्टर तपासला जातो, मेमरी वाढवली जाते. कार्डाची स्थिती पाहायला दोन मिनिटं लागतात आणि ती आधी पाहावी. काही बॅटऱ्या ठरावीक काळाने स्वतःची चाचणी घेतात आणि तेवढा वेळही गती पडते, त्यामुळे चाचणीची वेळ रात्रीची ठेवावी. बॅटरी खराब असताना जबरदस्तीने राइट-बॅक चालू ठेवण्याची सोय बऱ्याच कार्डांत असते. मेल सर्व्हरवर ती कधीही वापरू नये. डिस्कची स्वतःची आतली मेमरीही बंद ठेवावी, कारण कार्डाची बॅटरी तिला सांभाळत नाही.

इशारा कोणाकडे जातो

सगळ्यात कच्चा दुवा हाच. संचातली एक डिस्क गेली की कार्ड त्याची स्थिती ‘ऑप्टिमल’वरून ‘डिग्रेडेड’ अशी नोंदवतं, त्या डिस्कचा दिवा अंबर रंगाचा होतो, कार्डावरचा भोंगा वाजतो आणि पेटी मेलने इशारा पाठवते. मेल मात्र चालूच राहतो. रेडचं कामच ते आहे आणि म्हणूनच कोणाचं लक्ष जात नाही. सर्व्हर एसीच्या खोलीत कुलपाआड असतो, भोंगा कोणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेला असतो आणि इशाऱ्याचा मेल जातो त्याच सर्व्हरवरच्या अ‍ॅडमिन नावाच्या पेटीत, जी कोणी उघडत नाही. दुसरी डिस्क गेल्यावर तर तो सर्व्हर स्वतःच्या मरणाची बातमी पाठवण्याच्या स्थितीतही नसतो.

म्हणून इशारा या सर्व्हरबाहेरच्या पत्त्यावर जायला हवा आणि शिवाय एसएमएस किंवा एसएनएमपीच्या वाटेने आणखी एका ठिकाणी. इशारा आला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही. इशारा देणारा प्रोग्रॅमच बंद पडलेला असू शकतो. रोज सकाळी ‘संच ठीक आहे’ असा निरोप आलाच पाहिजे, आणि तो आला नाही तर तीच तक्रार समजायची, ही पद्धत जास्त भरवशाची.

बाहेरून पाहायची साधनं कार्डाप्रमाणे बदलतात. एलएसआयच्या घराण्यातल्या कार्डांना मेगासीएलआय आणि त्यानंतरचं स्टोरसीएलआय, डेलच्या पर्क कार्डांना पर्कसीएलआय, अडॅप्टेकला आर्ककॉन्फ, एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरेला एसएसएसीएलआय, जुन्या थ्रीवेअरला टीडब्ल्यूसीएलआय. या यादीत कंपन्यांची उलथापालथही दिसते. थ्रीवेअर २००९ मध्ये एलएसआयकडे गेली, एलएसआय २०१४ मध्ये अव्हागोकडे आणि अव्हागोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव लावलं. कार्ड जुनं झालं की त्याचं साधन आणि फर्मवेअर कुठल्या नावाखाली शोधायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

डिस्क पूर्ण जाण्याची वाट पाहायचीही गरज नसते. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. मात्र बिघडलेल्या कित्येक डिस्कनी आधी कोणतंच ठळक लक्षण दाखवलं नव्हतं, हेही त्याच अभ्यासाचं म्हणणं. लक्षण दिसलं तर डिस्क बदला, पण लक्षण नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

डिस्क बदलताना

चुकीची डिस्क काढली जाणं हा या कामातला खरा अपघात. प्रोग्रॅम खाचे शून्यापासून मोजतो आणि पेटीवर आकडे एकपासून छापलेले असू शकतात. ‘तिसरी’ म्हणून चांगली डिस्क ओढली, की एक बिघडलेली आणि एक काढलेली अशा दोन डिस्क नसलेलं रेड ५ तिथेच कोसळतं. उपाय सोपा आहे. कार्डाला त्या डिस्कचा दिवा लुकलुकवायला सांगायचं, प्रोग्रॅममध्ये दिसणारा अनुक्रमांक टिपून घ्यायचा आणि डिस्क काढण्याआधी ताज्या बॅकअपची खात्री करायची. प्रत्येक ट्रेवर अनुक्रमांकाची चिठ्ठी आधीपासून चिकटवलेली असेल तर रात्री अकरालाही चूक होत नाही.

नवी डिस्क निदान जुनीएवढी मोठी असावी, त्याच जातीची असावी आणि अप्लायन्सच्या यादीत बसणारी असावी. काही पेट्या फक्त कंपनीचं फर्मवेअर असलेल्या डिस्कच स्वीकारतात. घरगुती वापराच्या डिस्क खराब जागा वाचण्यासाठी बराच वेळ धडपडत राहतात आणि तोवर कार्ड त्यांना मेलेल्या समजून संचाबाहेर काढतं, म्हणून सर्व्हरसाठीचीच डिस्क घ्यावी. आधी दुसऱ्या संचात वापरलेली डिस्क घातली तर कार्ड ती ‘फॉरेन’ म्हणून दाखवतं. अशा वेळी जुनी रचना आयात करण्याचं बटण घाईत दाबू नये.

सर्वांत चांगली सोय म्हणजे हॉट स्पेअर. पेटीत एक रिकामी डिस्क बसवून ठेवली की बिघाड होताच कार्ड स्वतःहून पुनर्बांधणी सुरू करतं. शनिवार संध्याकाळ ते सोमवार दुपार हा सगळा वेळ वाचतो. खाच रिकामी नसेल तर निदान एक डिस्क कपाटात हवी. ती संच घेतानाच विकत घ्यावी, कारण पाच वर्षांनी तेच मॉडेल सुरतेच्या बाजारात मिळेल याची खात्री नसते.

मोठ्या डिस्क, लांबलेली पुनर्बांधणी

८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटच्या सलग गतीने भरली तरी जवळपास १५ तास लागतात. मेल चालू असताना कार्ड पुनर्बांधणीला आपल्या ताकदीचा काही भागच देतं, त्यामुळे काम दोन-तीन दिवसही चालू शकतं. तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण असतो.

रेड ५ ला इथे आणखी एक अडचण गाठते. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त १०० लाख कोटी बिटांत एक, म्हणजे साडेबारा टेराबाइटमागे एक, असं दिलेलं असतं. चार टेराबाइटच्या चार डिस्कच्या रेड ५ मध्ये एक डिस्क उभी करायला उरलेल्या तिन्ही, म्हणजे १२ टेराबाइट, वाचाव्या लागतात. माहितीपत्रकाचा आकडा जसाच्या तसा धरला तर निदान एक चूक भेटण्याची शक्यता ६० टक्क्यांवर जाते. सर्व्हरच्या डिस्कला दहापट कडक मर्यादा असते आणि हीच शक्यता ९ टक्क्यांवर येते. प्रत्यक्षातल्या डिस्क या मर्यादेपेक्षा बऱ्याचदा चांगल्या वागतात, पण फक्त त्या चांगल्या वागण्यावर विसंबून धंद्याचा पत्रव्यवहार ठेवू नये.

न वाचता येणारी जागा डिस्कवर आधीच तयार असते आणि पुनर्बांधणीच्या दिवशी ती सापडते. म्हणून पेट्रोल रीड आणि कन्सिस्टन्सी चेक या दोन तपासण्या ठरावीक काळाने चालल्याच पाहिजेत. त्यात अशी जागा संच धडधाकट असतानाच सापडते आणि इतर डिस्कवरून भरून निघते. ‘सर्व्हर स्लो होतो’ म्हणून या तपासण्या बंद करणं म्हणजे पुनर्बांधणीच्या दिवसाची उधारी वाढवत नेणं आहे.

एकाच दिवशी सगळ्या

रेडचं गणित गृहीत धरतं की डिस्क एकमेकींशी संबंध न ठेवता बिघडतात. नेहमी तसं होत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, की तिच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर फर्मवेअरच्या चुकीमुळे बंद पडतील आणि त्यातली माहिती परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. एकाच दिवशी बसवून चालू केलेल्या डिस्कचा घडाही एकाच वेळी भरतो. मार्च २०२० मध्ये ४०,००० तासांच्या तशाच चुकीची दुसरी सूचना आली. अशा बिघाडापुढे रेड १० असो की ६, दोन्ही सारखेच हतबल. फर्मवेअरच्या सूचना वाचणं हा या कामाचाच भाग आहे, आणि शक्य असेल तर एका संचातल्या डिस्क वेगवेगळ्या खेपांतल्या घ्याव्यात.

हवामान हेही असंच सगळ्या डिस्कवर एकदम परिणाम करणारं कारण आहे. गुगलच्या त्याच अभ्यासात मध्यम तापमानाचा आणि बिघाडाचा ठळक संबंध सापडला नाही. मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरांवरच्या २०१६ च्या अभ्यासाने मात्र हवेतल्या दमटपणाकडे बोट दाखवलं. जास्त आर्द्रतेत बिघाड वाढले आणि त्यात डिस्कच्या कंट्रोलर-जोडणीतल्या गंजाचा मोठा हात होता. दक्षिण गुजरातचा पावसाळा, मिलमधल्या रसायनांची वाफ आणि कापडाचा तंतू हे सगळं लक्षात घेता, एसी २० अंशांवर ठेवण्यापेक्षा खोली कोरडी, बंद आणि धूळमुक्त ठेवण्यावर खर्च करणं जास्त फायद्याचं. रात्री एसी बंद करून सकाळी लावण्याची सवय तर मोडावीच, कारण तापमान आणि दमटपणाची रोजची चढउतार यंत्राला मानवत नाही.

रेडच्या हद्दीबाहेर

चुकून पुसलेला मेल रेड इमानदारीने दोन्ही डिस्कवरून पुसतं. रॅन्समवेअरने कुलूप लावलेली फाइलही दोन्ही डिस्कवर कुलूपबंदच असते. प्रोग्रॅमची चूक, आग, पूर, चोरी यांपुढे रेडचा उपयोग नाही. याचं मोठं उदाहरण गुगलचं आहे. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीने जीमेलच्या ०.०२ टक्के वापरणाऱ्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही त्या चुकीच्या तडाख्यात सापडल्या. ते मेल परत आले टेपवरून, कारण टेप त्या सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेर होत्या.

आपल्या पट्ट्यात याचा धडा अमलात आणणं अवघड नाही. बऱ्याच कापड-व्यवसायांची मिल पलसाणा, कडोदरा, पांडेसरा किंवा सचिनला असते आणि विक्रीचं दुकान रिंग रोडच्या मार्केटमध्ये. मिलच्या मेलची रात्रीची प्रत मार्केटच्या गाळ्यावर जावी, आणि आठवड्याची एक प्रत सुट्या डिस्कवर घेऊन ती डिस्क वायरीपासून वेगळी ठेवावी. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, हा सर्वमान्य नियम त्यातून पाळला जातो. तापीचा पूर शहरात आला तर मिलची प्रत राहील, मिलला आग लागली तर गाळ्यावरची. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी पेटी खरोखर उघडून पाहावी. न तपासलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवता येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, कंपनी कायद्याखाली हिशेबवह्या आठ वर्षं. या हिशेबाचे आधार आता बऱ्याचदा मेलमध्येच असतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरचे लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे. तेव्हा लॉगलाही मेलइतकीच सुरक्षित जागा हवी.

पेटी, लिनक्स की क्लाउड

बंद पेटीचा फायदा म्हणजे सगळं जुळवून येतं आणि सांभाळायला कमी जाण लागते. तोटा हा, की आतल्या यंत्रणेवर आपला ताबा नसतो. बॅराकुडाच्या मेल सुरक्षा पेटीत २०२३ मध्ये सापडलेल्या सुरक्षा-त्रुटीनंतर कंपनीने जूनमध्ये ग्राहकांना, दुरुस्तीचं अपडेट घातलेलं असलं तरी, बाधित पेट्याच बदलून घ्यायला सांगितलं होतं. पेटी घेताना आत कोणतं कार्ड आहे, त्याची स्थिती कुठे दिसते, डिस्क कोण आणि किती तासांत बदलून देणार आणि कंपनीने मॉडेल बंद केलं तर मेल बाहेर कसे काढायचे, हे लेखी घ्यावं.

लिनक्सवरचं सॉफ्टवेअर रेड कार्डावर अवलंबून नसतं. पेटी जळाली तरी डिस्क दुसऱ्या लिनक्स यंत्रात लावून वाचता येतात. हार्डवेअर रेडमध्ये कार्ड गेलं तर त्याच घराण्यातलं कार्ड शोधावं लागतं. झेडएफएस ही फाइल सिस्टिम तर प्रत्येक तुकड्याचा चेकसम तपासून, डिस्कने गुपचूप चुकीची माहिती दिली तरी ती ओळखतं. मात्र त्याला कार्डाच्या रेडखाली बसवू नये, डिस्क थेट द्याव्यात. लिनक्सची नीट जाण असलेला माणूस कायमचा असेल तर ही वाट चांगली. तो माणूस सोडून गेला तर काय, हे मालकाने विचारायला हवं.

क्लाउडमध्ये डिस्क बदलण्याची जबाबदारी दुसऱ्याची होते. कंपनीकडे पूर्णवेळ माणूस नसेल तर तीच निवड शहाणपणाची. पण जीमेलच्या कचरापेटीतला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो, तेव्हा स्वतःची वेगळी प्रत ठेवण्याचं काम तिथेही सुटत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पेटी घरात ठेवायची असेल तर रेड १, नाहीतर रेड १०. फ्लॅश असलेलं कार्ड. एक हॉट स्पेअर. सर्व्हरबाहेर जाणारा इशारा. चालू ठेवलेल्या तपासण्या आणि दुसऱ्या जागी असलेली, उघडून पाहिलेली प्रत. एवढं जमणार नसेल तर पेटी घेऊच नये. आणि जमणार असेल, तर एका कागदावर खाच, अनुक्रमांक, खरेदीची तारीख, विक्रेता, पासवर्ड कुठे आहे आणि रात्री फोन कोणाला करायचा हे लिहून मालकाच्या सहीने ठेवावं. सिस्टिम सांभाळणाऱ्या पोराला रजा मिळावी, आजारी पडता यावं, नोकरी बदलता यावी, आणि तरीही मिलचा पत्रव्यवहार जागेवर राहावा, यासाठी तो कागद कार्डाइतकाच महत्त्वाचा आहे. सुट्या डिस्कची किंमत आणि त्या माणसाच्या रात्रीच्या फोनचा मोबदला, या दोन्ही गोष्टी मालकाने पेटीच्या किमतीतच धराव्यात. मिळालेला वेळ वापरायला माणूस असेल तरच रेडवर केलेला खर्च वसूल होतो.